वरचा एक रुपया

आमच्या आणि मामींच्या अंगणांमध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. दर दोन वर्षांनी ते वाकतं, मामींचा मधला मुलगा ते नव्या तुराट्यांनी बांधून काढतो, आणि दर वेळी मामी त्याला बजावतात, "पेरूच्या झाडापाशी जागा सोडजो रे." त्या फटीतून केळझर गावच्या निम्म्या बातम्या आमच्या घरात येतात. उरलेल्या निम्म्या त्यांच्या घरात जातात.

परवा त्या फटीतून ताट आलं. सांबारवड्या. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि या वडीत इडलीवाल्या सांबाराचा थेंबही नसतो.) मी सवयीनं मोजल्या. तेरा. आम्ही घरात चौघं.

"मामी, तेरा कशा वाटायच्या?"

"बारा तुमच्या वाट्याच्या. वरची एक शकुनाची. बाराच्या बारा देते का कोनी?"

मामींच्या मांडीवर जुनी लाल वही होती. धाकट्या मुलाच्या लग्नातली आहेराची वही. त्यांच्या भाचीच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि त्या घरानं तेव्हा किती टाकले होते हे पाहिल्याशिवाय आपला आकडा ठरवायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. घेतलं त्यापेक्षा थोडं वाढवून परत करायचं. सापडलं : २०१.

"मंग आता पाचशे एक टाका लागन वो बाई. महागाई काय कमी हाय?"

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आहेराची वही वाचताना लोक नावं वाचतात, मी आकडे फोडते. ५१ म्हणजे तीन सतरे. २०१ म्हणजे तीन सदुसष्टे. ५०१ म्हणजे तीन गुणिले १६७. पाचानं सुरू होऊन एकावर संपणारे आणि मधे नुसती शून्यं असणारे सगळेच आकडे तिनानं भागले जातात, कारण अंकांची बेरीज सहा येते. लोक हौसेनं १००१ देतात, तो तर सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार. शकुनाच्या आकड्याचे वाटे पडू नयेत म्हणून वर रुपया ठेवायचा, आणि ५०१ चे सरळ तीन वाटे पडतात!

"आन एकशे एक?"

"त्याचे नाही पडत. दोन, तीन, पाच, सात, एवढ्यांनी भागून पाहायचं. दहाच्या पुढे जायचं कारणच नाही, दहा दाही शंभर झाले. यांतल्या कोणी भागत नसेल तर कोणीच भागत नाही. एकानं भागा नाहीतर स्वतःनं भागा. याला मूळ संख्या म्हणतात."

मामींनी वही मिटली. वाट्यांचा विषय निघाला की त्यांना सासऱ्यांचं शेत आठवतं. नऊ एकर होतं. तीन भावांत तीन-तीन एकर गेलं. विहीर एकच, तिची पाळी लावली, आणि त्या पाळीवरून गेली पंचवीस वर्षं जे चाललंय ते मी इथं लिहीत नाही, कारण कुंपण अजून उभं आहे.

"सात एकर असतं तं फुटलंच नसतं म्हना की."

"मामी, जमिनीला गुंठे असतात. सात एकराचे दोनशे ऐंशी गुंठे. तेही तिघांत सरळ जात नाहीत म्हणा, पण तलाठी गुंठ्याखालीही आणखी काहीतरी काढतो. जमीन कशीही फुटते. मूळ संख्या नाही फुटत."

"थो माया नातू सांगत होता फोनवर," मामी म्हणाल्या. नातू नागपूरला इंजिनियरिंग शिकतो. "म्हने आजी, जगातला सगळ्यात मोठा आकडा सापडला. मी म्हटलं, त्यात एक मिळव ना बाप्पा!"

मामी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. माझ्या दहावीच्या वर्गात हे उत्तर वर्षाला एखादंच पोरगं द्यायचं.

मी सांगितलं की नातवानं अर्धं सांगितलं. सगळ्यात मोठी संख्या नसतेच. सापडली ती आजवर माहीत झालेली सगळ्यात मोठी मूळ संख्या. आणि तिच्याहून मोठी कुठंतरी आहेच, हे युक्लिडनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय, तेही मामींच्याच रीतीनं. समजा कोणी म्हणालं, मूळ संख्या एवढ्याच, संपल्या. मग त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि वर एक रुपया ठेवा. आता या आकड्याला यादीतल्या कुठल्याही मूळ संख्येनं भागा, दर वेळी तोच वरचा रुपया बाकी उरतो. म्हणजे याला भागणारी जी कोणी असेल ती यादीबाहेरची. दोन, तीन, पाच, सात घ्या, गुणाकार २१०. वर एक, २११. फुटत नाही. अकरा आणि तेराही घ्या, गुणाकार ३०,०३०. वर एक, ३०,०३१. हा मात्र फुटतो, पण यादीत नसलेल्या दोघांनी. ते कोण, हे मी मामींना मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, नातवाला विचारा, तेवढा वेळ तो मोबाइलमधून डोकं काढेल.

"म्हंजे आमच्या आज्यापंज्यानं वरचा रुपया उगाच नाई काढला."

आता, युक्लिडचा एक आणि आहेराचा एक यांचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी गप्प बसले. कुंपणावरच्या गप्पांत तेवढी सूट असावी.

मग मामींना त्या सापडलेल्या संख्येची पूर्ण हकीकत हवी झाली : कोणाला सापडली, कुठं, किती पैसे मिळाले. बातमी ऐकायची तर अशी.

लूक डुरांट नावाचा अमेरिकेतला ३६ वर्षांचा माणूस. चित्रं काढण्याच्या चिपा बनवणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीत आधी नोकरीला होता. १९९६ पासून जगभरातले हौशी लोक आपापले संगणक जोडून अशा संख्या शोधतात, जॉर्ज वॉल्टमन नावाच्या माणसानं ते काम सुरू केलं. डुरांटनं त्यासाठी सतरा देशांत पसरलेल्या भाड्याच्या यंत्रांची फौजच लावली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका यंत्रानं सांगितलं, ही मूळ असावी. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, टेक्सासमधल्या यंत्रानं शिक्का मारला. संख्या अशी : दोनाला दोनानं गुणत जायचं, असे एकूण १३,६२,७९,८४१ दोन घ्यायचे, आणि आलेल्या गुणाकारातून एक वजा करायचा.

"वरचा रुपया न ठेवता एक काढून घेतला?"

"हो. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन म्हणजे सतराव्या शतकातला एक फ्रेंच साधू."

"साधूले आकड्याचं काय पडलं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी पुढे गेले. या संख्येत ४,१०,२४,३२० आकडे आहेत. पानावर चार हजार आकडे बसवले तरी दहा हजारांवर पानं होतात. सेकंदाला एक या वेगानं रात्रंदिवस आकडे म्हणत बसलं तर पावणेपाचशे दिवस.

"म्हंजे आपला अखंड हरिनाम सप्ता परवडला. आन बक्षीस?"

"तीन हजार डॉलर. ते त्यानं आपल्या जुन्या शाळेला द्यायचं ठरवलं. अलाबामात गणित-विज्ञानाची शाळा आहे, तिथं शिकला तो."

"शाळेले?" मामींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कौतुक आलं. "चांगल्या घरचा दिसते."

इथं मी थांबले असते तर दुपारची झोप मिळाली असती. पण मामींनी विचारलं, "चार कोटी आकडे, तं त्याचा शेवटचा आकडा काय हाय? तेवढं तरी पाहिलं का कोनी?" आणि चौतीस वर्षांची मास्तरकी अंगात आली. मी म्हटलं, पाहायची गरज नाही, आत्ता काढू.

चुलीतला कोळसा आणला. मामींच्या ओट्यावर दोनाची पटी लिहायला घेतली. दर वेळी दुप्पट करायचं आणि फक्त शेवटचे दोन आकडे ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे : २, ४, ८, १६, ३२, ६४. मग १२८, त्यातले २८. मग ५६. ११२, त्यातले १२. मग २४, ४८, ९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२. आणि त्यानंतर १०४, म्हणजे ०४. चार! मागे दुसऱ्या जागेवर होता तोच. आता पुढे सगळं तेच तेच फिरणार, वीस-वीस घरांनी, रहाटगाडग्यासारखं. म्हणून १३,६२,७९,८४१ व्या घरात कोण, हे पाहायला तेवढी घरं चालायची नाहीत. विसानं भागा, बाकी एक उरते. पहिलं घर या फेऱ्यात येत नाही, तर एकविसावं घ्यायचं. एकविसाव्या घरात ५२. त्यातून एक वजा.

मामींनी माझ्याआधी म्हटलं, "एक्कावन!"

मला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हे शिकवलं, वर्तमानपत्रात ही बातमी वाचली, पण ही बेरीज-वजाबाकी कधी केली नव्हती. माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या शेवटी एक्कावन्नवर संपते, आमच्या बारशाच्या पाकिटासारखी. मामींना त्यात काही नवल वाटलं नाही. "मंग कायवर संपन?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याचं. चार कोटी आकड्यांची संख्या कशानं भागली जात नाही हे पाहायला भागून भागून किती जन्म लागले असतील? मी सांगितलं की भागतच नाहीत. मर्सेन संख्येसाठी एक वेगळी परीक्षा आहे, लुका आणि लेमर या दोघांच्या नावाची. चारापासून सुरू करायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची, पुन्हा तेच. पाच दोनांचा गुणाकार ३२, त्यातून एक गेला, ३१. त्याची परीक्षा घेऊ. चाराचा वर्ग सोळा, दोन गेले, चौदा. चौदाचा वर्ग १९६, दोन गेले, १९४, एकतीसनं भागून बाकी आठ. आठाचा वर्ग चौसष्ट, दोन गेले, बासष्ट. एकतीसनं भागा, बाकी शून्य. शून्य आलं, पास. टेक्सासमधल्या यंत्रानं हेच केलं, फक्त तेरा कोटींहून जास्त वेळा.

"पोट न फाडता नाडीवरून सांगतलं म्हना."

यापेक्षा चांगलं मला वर्गात कधी सांगता आलं नाही. कोणतीही संख्या असो, तिची नाडी झटपट आणि नक्की पाहता येते, हे २००२ मध्ये आपल्या कानपूरच्या आयआयटीतल्या तिघांनी सिद्ध केलं : मणींद्र अग्रवाल हे गुरुजी, आणि नीरज कयाल, नितीन सक्सेना हे नुकतेच बी.टेक. झालेले दोन विद्यार्थी. जगभर गाजलं. आमच्या शाळेच्या फळ्यावर मी ती बातमी लिहिली होती, दुसऱ्या दिवशी त्यावर कबड्डीच्या संघाची यादी लागली.

पण नाडी कळली म्हणून रोग कळतो असं नाही. संख्या मूळ नाही हे कळतं, पण फुटते कुठं ते कळत नाही. त्या फ्रेंच साधूनं १६४४ मध्ये यादी दिली होती, त्यात सदुसष्ट दोनांचा गुणाकार वजा एक ही संख्या मूळ म्हणून होती. एकवीस आकडी : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. लुकानं १८७६ मध्ये सांगितलं, ही मूळ नाही. पण मग तिचे तुकडे कोणते? सत्तावीस वर्षं कोणाला ठाऊक नाही. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा होती. कोल नावाचा प्राध्यापक उठला, फळ्यापाशी गेला. एका बाजूला दोनाला दोनानं गुणत गेला, एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ लिहिले, त्याखाली ७६१८३८२५७२८७ लिहिले, आणि शाळेतल्या पोरासारखा गुणाकार केला. दोन्हीकडे एकच उत्तर. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. टाळ्या. तीन वर्षांचे रविवार लागले या कामाला, असं सांगतात.

"बोलला काईच नाई?"

"एक शब्द नाही."

"माय वं!" मामी बराच वेळ गप्प होत्या. आमच्या गावात शब्द न बोलता टाळ्या घेणारा माणूस अजून झालेला नाही. भीमानं बकासुर मारला ती एकचक्रा नगरी म्हणजे आमचं केळझर, असं आम्ही सांगतो, आणि तेवढी एक गोष्टही आम्ही एका दमात सांगत नाही.

गुणाकाराच्या गमतींचा विषय निघाला की मला आपले कापरेकर आठवतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ चा जन्म, डहाणूचे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तर. माझ्यासारखेच मास्तर, फक्त ते ६१७४ या त्यांनी शोधलेल्या संख्येमुळे जगात पोचले आणि मी पेरूच्या झाडापर्यंत. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरनं १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तोवर इकडे पुष्कळांना ते आकड्यांत रमलेले एक विक्षिप्त गृहस्थच वाटत. डेम्लो (म्हणजे आताच्या डोंबिवली) स्टेशनवर सुचले म्हणून त्यांनी एका जातीच्या संख्यांना डेम्लो हे नाव दिलं. स्टेशनचं नाव आकड्यांना देणारा माणूस मला फार आवडतो. नऊ एक ओळीनं मांडून त्याचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. चढत जातो, उतरत येतो, आमच्या टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या पायऱ्यांसारखा. वर्ग म्हटल्यावर तो फुटणारच. पण याच चढणीत नवापुढे थांबू नका, दहापर्यंत जा आणि मग उतरा : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. एवढी ही वीस आकड्यांची संख्या मूळ आहे. एक पायरी वाढली आणि दगड फुटेनासा झाला. का, याला सोपं उत्तर नाही. मूळ संख्यांचं हेच मला आवडतं आणि हेच पोरांना आवडत नसे.

मामींना आणखी एक दिली : ७३९३९१३३. उजवीकडून एक आकडा तोडा, ७३९३९१३. मूळ. आणखी एक तोडा, ७३९३९१. मूळ. ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. कुठंही थांबा, मूळच. आणि उजवीकडे नवा आकडा जोडून ही लांबवता मात्र येत नाही, कुठलाही जोडला तरी फुटते. अशा जातीतली ही सगळ्यात मोठी.

"केळीच्या घडावानी. एक एक फनी काढत गेलं तरी केळच राह्यते." मग त्यांना मूळ प्रश्न आठवला. "पन याचा उपेग काय वो बाई? त्या चार कोटीवालीचा?"

"तिचा काहीच नाही."

"काईच नाई?"

उपयोग लहान मूळ संख्यांचा आहे. लहान म्हणजे तीनशे-तीनशे आकड्यांच्या. मामी आता दुधाचे पैसे फोनवरून देतात. तिथं जी कुलपं लागतात त्यांतलं एक १९७७ मध्ये तिघांनी काढलं. दोन मोठ्या मूळ संख्या गुपचूप निवडायच्या, गुणाकार करायचा, आणि गुणाकार खुशाल जगाला दाखवायचा. गुणाकार करणं सोपं, फोडणं कोलच्या रविवारांसारखं. तूर आणि हरभरा एकत्र झाले तर सुपात निवडता येतात, तिखट-मीठ एकत्र कांडलं तर कोण निवडेल? पण डुरांटची संख्या तर पेपरात छापून आली. ज्या कुलपाची किल्ली बसस्टँडवर टांगली आहे ते दाराला लावून काय उपयोग? आणि तीनशे आकड्यांच्या मूळ संख्या लागतील तेवढ्या मिळतात, चार कोटींपर्यंत जायचं कारणच नाही.

"मंग त्यानं कायले शोधली?"

"मामी, तुम्ही टेकडीवर दर चतुर्थीला कशाला जाता?"

"गनपती हाय ना थितं."

मी वाद वाढवला नाही.

तेवढ्यात नातवाचा फोन आला. मामींनी हालहवाल न विचारता थेट ३०,०३१ फोडायला सांगितलं. पलीकडून तो काहीतरी म्हणाला. मामी ओरडल्या, "मशीनवर नाई! कागदावर!" अर्ध्या तासानं उत्तर आलं : ५९ गुणिले ५०९. मी गुणून पाहिलं. बरोबर होतं. कागदावर केलं की मशीनवर, हे तो आणि टेकडीवरचा गणपती जाणे.

मामींनी लाल वही पुन्हा उघडली. चष्मा नाकावर आणला.

"बाई, दोनशे एक्कावन फुटते का?"

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. सहा भागाकार, पुढे जायची गरज नाही, सोळा सोळं दोनशे छप्पन झाले. "नाही फुटत."

"आन पाचशे एकचे तीन वाटे पडते म्हनलं ना तुमी?"

"हो. एकशे सदुसष्टचे."

"मंग नव्या जोडप्याले तीन वाटे पडनारे पैसे कायले द्याचे?" असं म्हणून मामींनी भाचीच्या घरापुढे २५१ लिहिलं, खाली रेघ मारली आणि वही कमरेला खोचली. अडीचशे रुपये वाचवले युक्लिडच्या नावावर.

मी ताट घेऊन आत आले. सुनेनं मोजल्या. वड्या बाराच होत्या. वरची एक बोलता बोलता मी कधी खाल्ली, मला कळलंच नाही.